बॉनेटखालचं तळं

पाणी अडवण्याच्या बाबतीत खुशालरावांना दोन शब्द सांगायला जाईल, अशी भातकुली तालुक्यात कोणाची छाती नव्हती. जलसंधारणाच्या नोकरीत त्यांची उभी हयात गेली होती. बांध घालायला लावायचे, नाले अडवायचे, शेततळी खोदवून घ्यायची, हेच त्यांचं काम. मोकाट वाहणारं पाणी दिसलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. घरच्या मोरीचं पाणी जाताना दिसलं तरी यांचे पाय अडखळतात, असं त्यांच्या पत्नी वनमालाबाई सांगायच्या. अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीच्या इंजिनात पावसाचं पाणी शिरावं, आणि तेही नेमकं अधिक महिन्यात, हे दैवाचं वागणं खुशालरावांना अजिबात पटलं नाही.

अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. त्याला सन्मानानं घरी आणायचं, अनारशांचं वाण द्यायचं, आणि तो मुळात साधासुधा असला तरी महिनाभर त्याला विष्णूचा अवतार समजायचं, अशी आपल्याकडची रीत. यंदा अधिक आला श्रावणात, म्हणजे भर पावसात. खुशालरावांची एकुलती लेक प्रणाली अकोल्याला दिलेली. जावई अंकुर बँकेत होता आणि स्वभावानं अगदी गरीब होता. पण त्याचे वडील देवमनराव तसे नव्हते. धान्यबाजारात त्यांची अडत होती, दारात मोठी काळी गाडी होती, आणि त्यांचा आवाज त्या गाडीत मावणार नाही एवढा होता.

जूनमध्ये खुशालराव लेकीला भेटायला गेले होते, तेव्हा निघताना त्यांची गाडी देवमनरावांच्या दारातच बंद पडली. नुसती भुरभुर पडून गेली होती. देवमनरावांनी दुकानातले हमाल बोलावले, कमरेवर हात ठेवून ओट्यावर उभे राहिले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "दमानं ढकला रे बाप्पा. पोरीकडची गाडी हाय." हमाल हसले. दारात उभ्या असलेल्या प्रणालीनं मान खाली घातली. गाडी ढकलली गेल्याचं खुशालरावांना एवढं लागलं नाही, पण लेकीची ती खाली गेलेली मान त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

त्यामुळे अधिक लागताच देवमनरावांचा फोन आला आणि ते म्हणाले, "आमी आमचीच गाडी पाठोतो पोराईले घेऊन. तुमी काहून पावसात तरास घेता?" तेव्हा खुशालराव ताठ बसले.

"आमच्या पोरीले अन् जवायाले आमी आमच्याच गाडीनं आणू," ते म्हणाले. "अधिकाचा शेवटचा रविवार. मी सोता येतो."

फोन ठेवून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. अमरावतीतल्या त्यांच्या घराच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली गाडी उभी होती, वरून पाऊस पडत होता, आणि सकाळपासून ती सुरू होत नव्हती.

"बोलून तं बसले," वनमालाबाई म्हणाल्या. "आता आणा."

बडनेरा रोडच्या संघपाल मिस्त्रीनं गाडी पाहिली. इंजिनात प्लग ज्या खोल भोकांत बसतात, त्या भोकांत पाणी साचलं होतं. त्यानं ते हवेनं उडवलं, प्लग पुसून लावले, आणि गाडी सुरू झाली. "वरून कुठून तरी पाणी गळून राह्यलं साहेब," तो म्हणाला. "कुठून थे घरी निवांत पाहा. माह्यापाशी आज टाइम नाई." खुशालरावांना हे आवडलं. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे शोधण्यातच त्यांची सारी नोकरी खर्ची पडली होती. मिस्त्रीला टाइम नव्हता ते बरंच झालं, असं त्यांना वाटलं.

रविवारी सकाळी पाहणीला सुरुवात झाली. वनमालाबाई स्टुलावर उभ्या राहून झारीनं काचेवर पाणी सोडत होत्या आणि खुशालराव डोक्याला टॉवेल बांधून उघड्या बॉनेटमध्ये वाकले होते. समोर राहणारे गयासुद्दीनभाई आणि शेजारचे बंडूभाऊ दोघंही खुर्च्या घेऊन फाटकाशी बसले. गयासुद्दीनभाईंचं ताडपत्रीचं दुकान होतं आणि बंडूभाऊ वीज खात्यातून निवृत्त झाले होते, त्यामुळे गाड्यांबद्दल दोघांनाही भरपूर माहिती होती.

"पाणी हळू टाक," खुशालराव आतून ओरडले.

"पाऊस काय हळू पडते का?" वनमालाबाईंनी विचारलं, आणि धार वाढवली.

काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली, प्लास्टिकची एक जाळी असते. काचेवरचं पाणी त्या जाळीतून खालच्या अरुंद पन्हळीत पडत होतं आणि तिथून काठावरून ओघळून थेट इंजिनावर येत होतं. खुशालरावांनी स्क्रूड्रायव्हरनं स्क्रू काढून जाळी उचलली. पन्हळ कडुनिंबाच्या पानांनी गच्च भरली होती. वरची पानं पिवळी होती, खालची कुजून काळी झाली होती. खुशालरावांनी सवयीनं चिमूटभर बोटांत चोळून पाहिलं आणि खत चांगलं झाल्याचा शेरा दिला. मग त्यांनी सगळा गाळ उपसला, पन्हळ पुसून लख्ख केली, आणि दोन्ही टोकांना त्यांना काय दिसावं? डाव्या कोपऱ्यात एक भोक आणि उजव्या कोपऱ्यात एक भोक.

"सापडलं," खुशालराव म्हणाले. एवढ्या हळू आवाजात ते सहसा बोलत नसत.

इथे त्यांनी हात धुतले असते आणि चहा मागितला असता, तर आज सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण पाण्याच्या वाटेत भोक दिसलं आणि बुजवलं नाही, असं त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. ते तडक जाऊन एमसील घेऊन आले. ती पांढरी आणि काळी लांबी त्यांनी अशा निगुतीनं एकजीव मळली की वनमालाबाई पाहतच राहिल्या.

"लग्नाले इतके वर्षं झाले," त्या म्हणाल्या, "कणकेले कधी हात लावताना नाई दिसले तुमी."

दोन्ही भोकं बंद झाली, वरून अंगठ्यानं चोपली गेली. लांबी वाळल्यावर पुन्हा झारीनं पाणी सोडून पाहिलं. इंजिनावर एक थेंब आला नाही. गयासुद्दीनभाईंनी मान डोलावली. बंडूभाऊंनीसुद्धा नाइलाजानं डोलावली.

"पण मंग पाणी गेलं कुठी?" वनमालाबाईंनी विचारलं.

"अडवलं," खुशालराव म्हणाले, आणि जाळी वर बसवून टाकली.

पुढचे काही दिवस रिमझिमीचे होते. गाडी रोज सकाळी पहिल्या सेल्फला सुरू व्हायची. खुशालराव मुद्दाम पंचवटी चौकापर्यंत जाऊन कोथिंबीर घेऊन यायचे. अकोल्याला फोन करून त्यांनी, गाडीचा विषय नसताना, गाडी उत्तम असल्याचं कळवलं. प्रणाली म्हणाली, "बाबा, मी इथं सगळ्याईले सांगून ठेवलं, माहे बाबा सोता घ्याले येणार हायेत." हे ऐकून त्यांना एकदम अभिमान वाटला आणि तेवढीच धास्तीही वाटली. बाप लोकांना हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

मग एका दुपारी खरा पाऊस झाला. अंबादेवीच्या बाजूनं आभाळ काळं होऊन आलं आणि तासाभरात रस्त्याच्या नाल्या भरून वाहू लागल्या. पाऊस थांबल्यावर खुशालरावांनी चावी फिरवली. गाडीनं खोकल्यासारखा एक आवाज केला आणि ती गप्प झाली. बॉनेट उघडलं तर इंजिन नुकतंच न्हाऊन आल्यासारखं चिंब होतं. पूर्वी पाणी गळत होतं, आता ते ओतल्यासारखं आलं होतं.

भोकं तर बंद होती. त्याबद्दल खुशालरावांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ती त्यांनी स्वतः बंद केली होती. म्हणजे पाणी दुसरीकडून येत होतं, आणि आता ती दुसरी जागा शोधणं भाग होतं. इथून पुढे सल्ल्यांचा मोसम सुरू झाला.

बंडूभाऊंनी सांगितलं की हे पाणी नसून अर्थिंग आहे. त्यांच्या मते जगात जे जे बंद पडतं ते अर्थिंगमुळे पडतं. त्यांचा जावई नीट बोलत नव्हता त्याचंही कारण त्यांनी जवळपास असंच काहीतरी सांगितलं होतं. त्यांनी बॅटरीपासून एक तांब्याची तार काढून बंपरला गुंडाळली. गाडीवर त्याचा काही परिणाम झाला नाही, फक्त वनमालाबाईंची साडी त्या तारेत अडकून फाटली.

गयासुद्दीनभाईंचं म्हणणं वेगळं होतं. "खुशालरावजी, पानी इंजन का कुछ नहीं बिगाडता," ते म्हणाले. "बस, पानीले इंजन दिसलं नाई पायजे. पर्दा पायजे पर्दा." त्यांनी दुकानातून कापसाच्या गंजीवर टाकायची जाडजूड ताडपत्री आणली आणि काचेपासून बंपरपर्यंत गाडी झाकून दोरीनं अशी आवळली की ती सोडवायला रोज सकाळी गयासुद्दीनभाईंनाच बोलवावं लागायचं. ते यायचे, गाठ सोडायचे, चहा घ्यायचे. वनमालाबाईंनी स्वतःच्या मतानुसार बॉनेटच्या आत एक बिब्बा आणि लिंबू-मिरची बांधली. खुशालराव चिडले, पण त्यांनी ते काढलं नाही.

ताडपत्रीखाली इंजिन कोरडं राहिलं. गाडी सुरू झाली. एके दिवशी लख्ख ऊन पडलं होतं, म्हणून खुशालराव गाडी घेऊन बाहेर पडले. राजकमल चौकात एक म्हैस आडवी आली आणि त्यांनी करकचून ब्रेक मारला. त्याबरोबर बॉनेटच्या आतून डबक्यात बादली पडल्यासारखा आवाज आला, गाडी थरथरली आणि बंद झाली. म्हैस रस्ता ओलांडून निघून गेली. मागच्या ऑटोवाल्यांनी खुशालरावांना जे काही ऐकवलं ते सरकारी नोकरानं ऐकून घ्यायच्या सवयीनं त्यांनी ऐकून घेतलं.

संघपालनं प्लग काढले. भोकं पाण्यानं भरलेली.

"साहेब," तो प्लग पुसत म्हणाला, "आज तं पाऊस नाई."

"मले दिसते," खुशालराव म्हणाले.

"मंग पाणी?"

खुशालरावांनी आभाळाकडे पाहिलं. तिथे ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. भर उन्हात इंजिन बुडवून आणणारा अमरावतीतला पहिला माणूस म्हणून संघपालच्या गॅरेजमध्ये त्यांचं नाव झालं. दुसऱ्या गाड्यांचे मालकही त्यांना पाहायला उठून आले.

संघपालनं गाडी सुरू करून दिली, पण घरी पोचता पोचता ती कडुनिंबाखाली पुन्हा बंद पडली. शेवटी सगळा दोष कडुनिंबावर आला. फांद्या गाडीवर आल्या आहेत, त्यांच्यावरून पाणी निथळतं, पानं पडतात, तेव्हा फांद्याच छाटून घ्याव्यात असं ठरलं. पण रस्त्यावरचं झाड परवानगीवाचून छाटता येत नाही. खुशालराव शहरातल्या झाडांचा कारभार पाहणाऱ्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, आणि चष्मा कपाळावर चढवला.

"झाडाखाली गाडी हाय म्हणता?"

"हो."

"मंग आमचे मानसं फांदी कशी तोडतीन? गाडीवर पडली तं कोण जिम्मेदार? पहिले गाडी हटवा."

"गाडी सुरू होत नाई साहेब."

"काहून नाई होत?"

"झाडामुळे."

साहेबांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "गाडी हटल्याबिगर झाड छाटता येत नाई," ते म्हणाले, "अन् तुमी म्हणता झाड छाटल्याबिगर गाडी हटत नाई. तुमीच सांगा, मी याच्यावर काय शेरा मारू?"

खुशालरावांनी स्वतः आयुष्यभर शेरे मारले होते, पण असा अर्ज त्यांच्याही टेबलावर कधी आला नव्हता. ते अर्ज तसाच घेऊन घरी आले. गाडी ढकलून पलीकडे नेता आली असती, हे त्यांना वाटेत सुचलं. पण गाडी ढकलणे या विषयावर त्यांची मान्यता यायला अजून अवकाश होता.

शेवटचा रविवार दोन दिवसांवर आला. अनारशांचं पीठ मुरायला ठेवलं होतं. वनमालाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आयकता का? देवमनरावाईले म्हणा, पाठवून द्या तुमची गाडी. त्यात काही कमीपणा नाई." कमीपणा होताच. तो त्यांच्या एकट्याचा असता तर त्यांनी गिळला असता. पण प्रणालीनं सगळ्या घराला सांगून ठेवलं होतं, आणि आता ती त्या घरात पुन्हा मान खाली घालणार होती.

शुक्रवारी त्यांना कामासाठी भातकुलीकडे जावं लागलं, तेही एसटीनं. बुधाजी नावाच्या शेतकऱ्यानं त्यांच्याच सांगण्यावरून शेताच्या उताराला बांध घातला होता आणि त्या जोरदार पावसात तो मधोमध फुटला होता. बांधाखालची कपाशी आडवी झाली होती. काळ्या चिखलातून पाय उपसत खुशालराव तिथे पोचले तेव्हा आधीच त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि बुधाजी समोर येऊन उभा राहिला तो तक्रारीच्या सुरातच.

"साहेब, तुमीच सांगतलं होतं पानी अडवा म्हनून. म्या समदं अडवलं. एक थेंब जाऊ देल्ला नाई."

खुशालरावांचा पारा चढला. "अरे बुधाजी, अडवायचं म्हणजे सगळ्या वाटा बंद करून टाकाच्या काय? सांडवा कुठी हाय तुह्या बांधाले?"

"सांडवा बुजवला साहेब. तिकून पानी जात होतं."

"पाणी जात होतं म्हणूनच तं तो ठेवला होता. जास्तीच्या पाण्याले जाले वाट लागते का नाई? वाट नाई भेटली तं पाणी काय करन? जागच्या जागी चढत जाईन. चढत चढत काठावरून सांडन, अन् जिथं नाई जाले पायजे तिथंच जाऊन घुसन. एवढी साधी गोष्ट समजत नाई तुले? दोन्ही कोपऱ्यात पाण्यासाठी..."

इथे खुशालराव थांबले. हात बांधाकडे केलेला होता, तो तसाच हवेत राहिला. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग निघून गेला, आणि त्याच्या जागी असं काही आलं की बुधाजी घाबरला.

"दोन्ही कोपऱ्यात काय साहेब?"

"बुधाजी," खुशालराव म्हणाले, "मी एमसील लावलं."

"कोनच्या बांधाले?"

पण साहेब निघाले होते. चिखलात एक चप्पल रुतली ती काढायला ते मागे वळले, तेव्हा त्यांनी बुधाजीला नवा सांडवा कुठे काढायचा ते दाखवलं, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि एसटीच्या थांब्याकडे अक्षरशः पळत सुटले. साहेब आपल्याला एवढं बोलून वर हसत का गेले, हे बुधाजीला पुढे कित्येक दिवस कळलं नाही.

घरी येऊन त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. जाळी उचलली. खाली पन्हळ काठोकाठ भरलेली होती. त्यात कडुनिंबाची पानं तरंगत होती आणि एका कडेला एक लहानशी बेडकी हातपाय आखडून बसली होती. भातकुली तालुक्यात खुशालरावांच्या एवढ्या शेततळ्यांतून पाणी झिरपून गेलं होतं, आणि त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत पक्कं तळं हे त्यांच्या गाडीच्या बॉनेटखाली तयार झालं होतं. ब्रेक मारला की त्याचीच लाट इंजिनावर येत होती. खुशालराव त्या तळ्याकडे काही वेळ पाहत राहिले. खोटं कशाला सांगायचं, त्यांना थोडा अभिमानही वाटला.

एमसील मात्र त्यांनी मन लावून भरलं होतं. स्क्रूड्रायव्हरनं टवका उडेना. गयासुद्दीनभाईंनी हातोडी आणली, बंडूभाऊंनी खात्याच्या आठवणींसह ड्रिल मशीन आणलं. गयासुद्दीनभाईंनी वर छत धरल्यासारखी ताडपत्री धरली, कारण पुन्हा भुरभुर सुरू झाली होती, आणि बंडूभाऊंनी पन्हळीतलं पाणी उपसून भोक पाडायला घेतलं. आधी डावं मोकळं झालं, मग उजवं. वनमालाबाईंनी काचेवर पुरी बादली ओतली. पाणी जाळीतून पन्हळीत पडलं, पन्हळीतून दोन्ही कोपऱ्यांत गेलं आणि चाकांच्या मागून दोन सरळ धारांनी रस्त्यावर आलं. त्यातली एक बंडूभाऊंच्या नव्या सँडलवर पडली. इंजिन ठणठणीत कोरडं होतं.

"हे भोकं गाडी बनवणारानंच ठेवले होते तं," वनमालाबाई म्हणाल्या.

"हो."

"पाणी जाले."

"हो."

"अन् तुमी..."

"अनारसे कवा तळणार हायेस?" खुशालरावांनी विचारलं. वनमालाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्या आत बराच वेळ हसत होत्या, हे भिंतीपलीकडूनही कळत होतं.

शनिवारी संघपालनं येऊन प्लग कोरडे करून दिले. रविवारी पहाटे अनारसे तळले गेले, एकही तुपात हसून विरघळला नाही, आणि खुशालराव गाडी घेऊन निघाले. बडनेऱ्यापर्यंत आभाळ नुसतं भरून होतं. मूर्तिजापूरच्या अलीकडे पावसानं गाठलं आणि बोरगावपर्यंत तो असा कोसळला की पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसत होता. खुशालराव पुढे वाकून स्टिअरिंग धरून बसले होते आणि इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून होते. प्रत्येक खड्ड्याला ते मनातल्या मनात अंबादेवीला हाक मारायचे. गाडी एकदाही अडखळली नाही.

अकोल्यात शिरताना त्यांनी मनाशी ठरवलं होतं की दारात गाडी बंद करायचीच नाही. सुरू ठेवायची, पोरांना बसवायचं आणि निघायचं. पण देवमनराव छत्री घेऊन ओट्यावर उभेच होते.

"या इवाईबुवा, या. एवढ्या पावसात आले? बंद करा न गाडी. चहा घेतल्याबिगर कसे जासान?"

व्याह्यासमोर सबबी सांगणं जमेना. खुशालरावांनी चावी फिरवली आणि इंजिन गप्प झालं. ते आत जाऊन बसले. चहा आला, चिवडा आला, तुरीच्या भावाचा विषय निघाला, आणि सगळा वेळ बाहेर पाऊस पत्र्यावर आपटत होता. खुशालरावांनी तुरीबद्दल काय मत दिलं ते त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. देवमनरावही नेहमीसारखे बोलत नव्हते. आवाज निम्म्यानं उतरला होता.

निघायची वेळ झाली. अंकुर पुढे बसला, प्रणाली मागे बसली. विहीणबाई ओट्यावर आल्या, दुकानाच्या पत्र्याखाली हमाल ओळीनं उभे राहिले. त्यातल्या एकदोघांनी बाह्या सरसावल्या, त्या काही वाईट हेतूनं नाही, मागचा अनुभव होता म्हणून. खुशालरावांनी आरशात लेकीकडे पाहिलं. तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं.

त्यांनी चावी फिरवली. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, आणि घड्याळासारखी चालू लागली.

"बाबा," मागून प्रणाली एवढंच म्हणाली. तिची मान ताठ होती. खुशालरावांचे डोळे भरून आले, ते त्यांनी काच पुसायच्या फडक्यानंच पुसून घेतले.

गिअर टाकणार तेवढ्यात काचेवर टकटक झाली. देवमनराव खिडकीशी वाकले होते.

"इवाईबुवा," ते अगदी हळू म्हणाले, "तुमची गाडी एवढ्या पाण्यात कशी काय चालते? आमची परवापासून उठून नाई राह्यली. हमालाईनंही ढकलून पाह्यली. मिस्त्री म्हणते पाणी शिरलं, अन् कुठून शिरलं थे त्याले सांगता येत नाई. तुमी जरा पाहून देसान का?"

खुशालराव उतरले. घाई अजिबात केली नाही. काळी गाडी अंगणात देशी बदामाच्या झाडाखाली उभी होती, आणि झाडाची ती पंज्याएवढी पानं काचेच्या पायथ्याशी चिकटून बसली होती. खुशालरावांनी बॉनेट उघडायला सांगितलं, जाळी उचलली आणि आत हात घातला. वरून पाऊस लागलाच होता. त्यांची पाठ भिजायला लागली, आणि मग अचानक भिजायची थांबली.

त्यांनी मान किंचित वळवून पाहिलं. देवमनरावांनी आपली छत्री त्यांच्यावर धरली होती. एका छत्रीत दोघं मावत नव्हते, त्यामुळे देवमनराव स्वतः पुरे बाहेर होते, पांढरा शर्ट अंगाला चिकटला होता आणि मिशांतून पाणी ठिबकत होतं. लग्नात मुलाकडच्यांवर छत्री धरतात, मिरवणुकीत धरतात, स्वागताला धरतात. मुलीच्या बापावर मुलाच्या बापानं छत्री धरावी आणि स्वतः पावसात उभं राहावं, हे त्या गल्लीनं आजवर पाहिलं नव्हतं. पत्र्याखालचे हमाल पुढे सरकून पाहू लागले होते.

खुशालरावांनी एकेक पान काढलं. तळाशी भोकात गुंडाळी होऊन बसलेलं पान त्यांनी बोटानं ओढलं, आणि साचलेलं पाणी गडगडत चाकामागून अंगणात आलं. "पोरी, कापूस आण," त्यांनी हाक दिली. प्रणाली धावत आत गेली आणि सासूबाईंच्या देवघरातला वातींचा कापूस घेऊन आली. काडीला कापूस गुंडाळून त्यांनी संघपाल हवेनं करायचा तेच काम केलं, प्लगची भोकं टिपून कोरडी केली आणि अंकुरला चावी फिरवायला सांगितलं. दोनदा नुसता आवाज आला. तिसऱ्यांदा काळी गाडी गुरगुरत सुरू झाली.

"सुरू झाली," देवमनराव म्हणाले. आवाज थोडा परत आला होता. "या बाप्पा आता, आत या. भिजले असान."

भिजले होते ते देवमनराव. खुशालराव कोरडे होते.

"थांबा, जरा पाहू द्या," खुशालराव म्हणाले, आणि बॉनेटमध्ये आणखी थोडे आत वाकले. आता तिथे पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. पानं निघाली होती, पाणी गेलं होतं, इंजिन सुरळीत चालू होतं. पण छत्री अजून वर होती. प्रणालीनं बापाकडे पाहिलं, तिला सगळं कळलं, आणि उशीर होतोय असं तिनं मुळीच म्हटलं नाही.